गवताचा भारा कुणाच्या डोक्यावर?

माण तालुक्यातल्या एका गावात आम्ही बायकांचं दोन दिवसांचं शिबिर घेतलं होतं. पहिल्या दिवशी नेहमीप्रमाणे प्रश्नांची यादी केली. फळ्यावर एकेक नाव चढत गेलं: पिण्याचं पाणी, दारू, रेशन, नवऱ्याची मारहाण, रोजगार हमीच्या कामाची थकलेली मजुरी. फळा भरला. तेवढ्यात मागे भिंतीला टेकून बसलेली एक आजी म्हणाली, "ताई, तुमी पान्याचं लिवलं, दारूचं लिवलं. वैरनीचं कोन लिवनार?"

आम्ही ते लिहिलं. पण कुठे? अगदी खाली, फळ्याच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात. दुसऱ्या दिवशी गटचर्चा झाल्या त्या वरच्या पाच प्रश्नांवर. वैरणीपर्यंत आम्ही पोहोचलोच नाही. समारोपाच्या वेळी आजी निघून गेली होती. शेळ्या सोडायची वेळ झाली होती तिची.

त्या कोपऱ्यातल्या अक्षरांबद्दल मला आज लिहायचं आहे. ‘गवतात कसली आली स्त्रीमुक्ती?’ असं काही जणींना वाटेल. मलाही तसंच वाटत होतं. पण दुष्काळी भागात दहा घरं फिरलं, की एक गोष्ट डोळ्यांत भरते. पाण्यासाठी बाई किती चालते हे आता सगळ्यांना माहीत आहे. हंडा डोक्यावर घेतलेल्या बाईचं चित्र प्रत्येक पोस्टरवर असतं. गवताचा भारा डोक्यावर घेतलेल्या बाईचं चित्र मात्र आपण ‘निसर्गरम्य’ म्हणून कॅलेंडरवर लावतो. तो भारा कष्ट म्हणून मोजायचा आपल्या चळवळीलाही फारसा सुचलेला नाही.

माळ ओसाड नव्हता

माण, खटाव, आटपाडी, सांगोला, जत, कर्जत, जामखेड या सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या पट्ट्यात वर्षाला साधारण ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तोही धड पडत नाही. मृग हुलकावणी देतो, मधे महिनाभर उघडीप, आणि परतीचा पाऊस आला तर आला. जमीन उथळ, मुरमाड. अशा ठिकाणी दाट जंगल व्हायचं नव्हतंच. इथला मूळचा निसर्ग म्हणजे गवताळ माळ. त्यावर मधूनच एखादी बोर, बाभूळ, हिवर. याच माळांवर लांडगा, खोकड, चिंकारा आणि माळढोक जगले. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झालं ते याच गवतामुळे. धनगरांच्या मेंढ्या आणि माणदेशी बैल जगले तेही याच गवतावर.

या गवतांना नावं आहेत. मारवेल, शेडा, पवन्या, डोंगरी, अंजन, कुसळी. शहरातल्या माणसाला सगळं ‘गवत’ असतं. माळावर हिंडलेली बाई मात्र कुठलं गवत जनावर आवडीनं खातं, कुठलं फुलोऱ्याआधी कापलं तरच उपयोगी आणि कुठलं घर शाकारायला बरं हे सांगते. ही बहुतेक गवतं बहुवर्षायू आहेत. उन्हाळ्यात वरून वाळून काडी होतात, पण खाली ठोंब जिवंत राहतो. मुळांचं जाळं मुरमाच्या भेगांतून खोल जातं आणि माती धरून ठेवतं. पहिल्या पावसाला आठ-दहा दिवसांत पुन्हा कोंब येतात. त्यांना विहीर लागत नाही, मोटार लागत नाही, ठिबक लागत नाही.

मग हे गवत गेलं कुठे? त्याचं उत्तर माळ स्वतःच देतो. चराई फार झाली आणि ठोंबाला वाढायला उसंतच मिळाली नाही, की आधी मारवेल, शेडा अशी गोड गवतं जातात. मग कुसळी वाढते. ती कोवळी असताना जनावर खातं, पण पिकली की तिची कुसळं मेंढीच्या लोकरीत आणि जनावराच्या तोंडात रुततात. त्यानंतर येतात पावसापुरती उगवणारी बारीक गवतं आणि जनावरं तोंड लावत नाहीत तो तरवड. शेवटी उघडा मुरूम. माळाकडे पाहून तो या पायऱ्यांपैकी कुठल्या पायरीवर आहे ते ओळखता येतं.

चराई मात्र उगाच वाढली नाही. माळाचा चांगला भाग नांगरला गेला, काही एमआयडीसीत गेला, काही दगडखाणीत, काही पवनचक्क्यांच्या रस्त्यांत. उरलेल्या तुकड्यावर सगळ्या गावाची जनावरं आली. आणि सरकारी कागदावर या माळाचं नाव काय? पडीक. ज्या जमिनीवर हजारो शेळ्या-मेंढ्या पोसल्या गेल्या तिला पडीक म्हणायचं, हे घरात राबणाऱ्या बाईला ‘ती काही करत नाही, घरीच असते’ म्हणण्यासारखंच आहे. दोन्हीकडे काम दिसत नाही, कारण त्याचा हिशेब कुठल्याच वहीत लिहिलेला नसतो.

एकदा पडीक ठरवलं की तिथे काहीही करायला मोकळीक मिळते. सामाजिक वनीकरणाच्या काळात माळांवर सुबाभूळ, निलगिरी, गिरिपुष्प लावलं गेलं. २०१६ साली राज्यात दोन कोटी झाडांची मोहीम झाली, २०१७ साली चार कोटी, २०१८ साली तेरा कोटी आणि २०१९ साली तेहतीस कोटी. झाडाला विरोध कोण करणार? पण गवताळ माळावर खड्डे खोदून, असलेलं गवत उपटून रोप लावायचं आणि पाण्याअभावी ते उन्हाळ्यात वाळून जायचं, याला हिरवाई म्हणता येणार नाही. रोपाभोवती कुंपण येतं तेव्हा माळ पहिल्यांदा बंद होतो तो शेळीवाल्या बाईला.

उसाची वाढं आणि बाईचं शरीर

गवत नसलं की काय होतं ते दुष्काळात उघडं पडतं. १९७२ सालचा दुष्काळ आपल्यापैकी ज्येष्ठ मैत्रिणींना आठवत असेल. तेव्हा खडी फोडणाऱ्या बायकांमधूनच रोजगार हमीची मागणी पुढे आली आणि पुढे कायदा झाला. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळांत मोठ्या चारा छावण्या उघडल्या गेल्या. म्हसवडला माणदेशी फाउंडेशनने चालवलेल्या छावणीबद्दल अनेकींनी वाचलं असेल. कितीतरी बायका जनावरांबरोबर महिनोन्‌महिने छावणीत राहिल्या. तिथेच चूल, तिथेच आंघोळ, तिथेच पोरांचा अभ्यास. घराला कुलूप.

त्या छावण्यांत जनावरांना चारा म्हणून काय मिळत होतं? ऊस आणि उसाची वाढं. म्हणजे ज्या पिकाने आपल्या वाट्याचं पाणी पिऊन टाकलं, तेच पीक ट्रकमध्ये बसून दुष्काळी भागात चारा म्हणून आलं. नुसत्या उसावर जनावर जगतं, पण धड राहत नाही. आणि छावणी होती ती मुख्यतः गाई-बैलांसाठी. शेळीवाली बाई बाहेरच राहिली.

दुसरी वाट उसाच्या फडाची. घरी चारा नाही, पाणी नाही, मग बैलजोडी घेऊन कोयत्यावर जायचं. तिथे निदान बैलांना वाढं मिळतात. फडात गेलेल्या बाईचं काय होतं हे २०१९ साली सगळ्या देशाने ऐकलं. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पाळीचे दिवस बुडू नयेत, खाडा पडू नये, दंड बसू नये म्हणून. गावचा माळ उजाड झाल्यामुळेच हे झालं असं मी म्हणणार नाही. मुकादमाची उचल, खाजगी दवाखान्यांचा धंदा, कायद्याबाहेर ठेवलेली मजुरी ही मुख्य कारणं आहेत. पण गावात जगायला आधार उरला नाही की बाईचं शरीर शेवटी बाजारात कसं उभं राहतं, ते यात दिसतं. घरी दोन शेळ्या आणि त्यांना पुरेल एवढं गवत असलेली बाई मुकादमाला एखाद्या हंगामात ‘नाही’ म्हणू शकते. मला गवतात रस आहे तो या ‘नाही’साठी.

आमचीही चूक

आता थोडं स्वतःच्या गटाबद्दल. बचतगटांच्या लाटेत आम्हीही कर्जाचे अर्ज भरले. गाईसाठी. जर्सी, होल्स्टीन. बायकांच्या हाती दुधाचा पैसा येईल असं वाटलं. पैसा आला, पण तो संस्थेच्या पुस्तकावर, आणि पुस्तक नवऱ्याच्या नावावर. बाईच्या वाट्याला आलं ते पहाटे चारला उठणं, शेण, धारा आणि हिरव्या चाऱ्याचे भारे. संकरित गाईला हिरवा चारा रोज लागतो. त्यासाठी लसूणघास, हत्तीगवत लावायचं आणि त्याला पाणी द्यायचं. जिच्या शेतात विहीर होती तिचं निभावलं. जिच्याकडे जमीनच नव्हती, तिने बांधाबांधानं फिरून, कुणाची शिवी खाऊन, कुणाच्या वाईट नजरा सोसून गवत आणलं. बांधावर गवत कापणाऱ्या बाईला जमीनमालक काय बोलतो, काय मागतो, हे आपण कधी तरी मोकळेपणी बोललं पाहिजे. आमच्या शिबिरात ते पहिल्यांदा निघालं ते रात्री, दिवा मालवल्यावर.

म्हणजे आम्ही बाईला गाय दिली, पण गवताचा विचार केला नाही. कोरडवाहू गावात पाणी पिणारा चारा लावून दुधाचा धंदा उभा करायचा, तर तो बाईच्या कमरेवर उभा राहतो. शेळीचं गणित वेगळं आहे. शेळी ही बाईची असते. अडीनडीला बाई ती विकते, कुणाला विचारत नाही. २०१९ च्या पशुगणनेत राज्यात शेळ्यांची संख्या एक कोटीच्या वर भरली. यांतल्या बहुतेक सात-बारा नसलेल्या किंवा दोन-चार एकर कोरडवाहू असलेल्या घरच्या. तरी योजनांमध्ये शेळी म्हणजे ‘रान खाणारी’ आणि शेळीवाली म्हणजे गुन्हेगार.

बंदी कुणासाठी, कापणी कुणाची

देशी गवत परत आणता येतं, याचे पुरावे आपल्याच राज्यात आहेत. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या गावांनी चराईबंदी केली, कुऱ्हाडबंदी केली, चर खोदले, आणि माळावर गवत परतलं. हिवरे बाजारने तर उसासारख्या पिकांना आणि शेतीसाठीच्या कूपनलिकांना नकार दिला. हे धाडस मोठं होतं. त्याचं कौतुक करावं तेवढं थोडं.

पण स्त्री संघटनेने कौतुकाबरोबर एक प्रश्न विचारायचाच असतो: बंदीचा भार कुणी उचलला? पाणलोटाच्या अनेक गावांत चराईबंदीचा पहिला परिणाम म्हणून शेळ्या विकल्या गेल्या. ज्याच्या विहिरीला पाणी वाढलं, त्याचा फायदा पहिल्या वर्षापासून. जिच्या शेळ्या गेल्या तिला सांगण्यात आलं की थोडी कळ काढ, गावाचं भलं आहे. गावाचं भलं म्हणताना त्या ‘गावा’त ती होती का?

यावर उपाय नाही असं नाही. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने १९७० च्या दशकात पाणी जमिनीप्रमाणे न वाटता माणशी वाटलं, भूमिहीनालाही पाण्याचा हक्क दिला आणि उसाला पाणी नाकारलं. सांगली जिल्ह्यात बळीराजा धरणाच्या लढ्याने भूमिहीनांच्या पाण्याचा मुद्दा लावून धरला. पाणी असं वाटता येतं, तर गवत का नाही? माळ तीन वर्षं बंद ठेवायचा असेल तर जरूर ठेवावा, पण सगळा एकदम नव्हे. तीन भाग करून आळीपाळीने ठेवावा, म्हणजे शेळ्यांना वाट राहील. बंद भागातलं गवत कापून नेण्याचा पहिला हक्क भूमिहीन आणि एकट्या बायकांचा असावा. लिलाव करून गवत बाहेरच्या व्यापाऱ्याला द्यायचं आणि पैसा ग्रामपंचायतीच्या खात्यात घालायचा, ही पद्धत बंद व्हावी.

गवत कसं लावतात

आता थोडं कामाचं. ज्या गटांना हे करून पाहायचं आहे त्यांच्यासाठी.

पहिली गोष्ट, सगळीकडे नव्याने लावावं लागत नाही. ठोंब जिवंत असतील तर माळ दोन-तीन पावसाळे नुसता राखला तरी गवत उठतं. जिथे मुरूम उघडा पडला आहे तिथेच पेरणी किंवा लावणी करायची.

बी गावाजवळच्याच राखलेल्या तुकड्यावरून घ्यावं. देवस्थानाची जमीन, रेल्वेची कड, स्मशानाची कड इथे जुनं गवत टिकून असतं. दिवाळीच्या मागेपुढे बी पिकतं. ते सगळं एकदम पिकत नाही, आणि पिकलं की झडून जातं, म्हणून दोन-तीन फेऱ्यांत हातानं ओरबाडून घ्यावं लागतं. सावलीत वाळवून कापडी पिशवीत ठेवायचं. या गवतांचं ताजं बी नीट उगवत नाही, काही महिने झोपून राहतं, म्हणून ते पुढच्या मृगापर्यंत ठेवलेलंच चांगलं. बी हलकं, केसाळ असतं, वाऱ्यानं उडतं. ओलसर माती आणि शेणात कालवून त्याच्या लहान गोळ्या केल्या तर जागेवर बसतं. हेक्टरी पाच किलोच्या आसपास बी पुरतं. खोल पेरायचं नाही. वर अर्धा-एक सेंटिमीटर माती बस्स. खोल गेलं तर उगवणारच नाही. मारवेलसारख्या गवताचे मुळासकट ठोंब फोडून पावसात हातभर अंतरावर लावले तर बियापेक्षा लवकर जम बसतो.

पहिल्या वर्षी बी झडेपर्यंत कापायचं नाही. दुसऱ्या वर्षापासून निम्मा फुलोरा आला की कापायचं, कारण बी धरल्यावर गवतातला कस उतरतो. कापताना चार बोटं ठेवून कापायचं. आणि दर वर्षी एखादा कोपरा बियासाठी सोडायचा. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने आणि झाशीच्या चारा संशोधन संस्थेने या गवतांवर बरंच काम केलं आहे. त्यांच्याकडून बी आणि माहिती मिळवणं हा आपला हक्क आहे. कुणी विचारलं की ‘शेतकऱ्याला पाठवा’ तर सांगायचं, शेतकरी आम्हीच.

उजाड माळ हेक्टरी एक टनाच्या आतबाहेर वाळलेलं गवत देतो. नीट राखलेला तीन टनांपर्यंत जाऊ शकतो. गावाचं गायरान ४० हेक्टर धरलं तर १२० टन. एका गाईला दिवसाला सहा किलो वाळली वैरण धरली, तर उन्हाळ्याच्या चार महिन्यांत १६६ गाईंचं भागतं. छावणीला कुलूप लावण्याइतकं हे आहे. पण हा हिशेब ग्रामसभेत मांडायला बाई उभी राहिली पाहिजे.

शिवाय बी गोळा करणं, गोळ्या करणं, ठोंब लावणं, राखण करणं ही सगळी कामं आहेत. त्यांना मजुरी हवी. खड्डा खोदला तर रोजगार आणि बी वेचलं तर ‘सहभाग’, असं चालणार नाही. ‘लोकसहभागा’च्या नावाखाली बायकांचं फुकटचं श्रम वापरण्याला आपण प्रत्येक योजनेत विरोध केला आहे. गवतातही करायला हवा.

गायरान आणि दलित बाई

एक अवघड प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही. गायरानावर आज कोण आहे? मराठवाड्यात आणि इतरत्रही कितीतरी गायरानं दलित आणि भटक्या कुटुंबांनी कसली आहेत. त्यामागे इतिहास आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि नंतर १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. हजारो बायका पोरांना कडेवर घेऊन तुरुंगात गेल्या. १९९१ सालच्या शासननिर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची अतिक्रमणं भूमिहीनांच्या नावे करण्याचं मान्य केलं. तरी असंख्य घरांच्या हाती आजही कागद नाही.

२०११ साली जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्याचे आदेश दिले. त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारने दिलेल्या जमिनींचा अपवादही ठेवला आहे. गावात मात्र निकालाचा पहिला भाग मोठ्यानं वाचला जातो आणि दुसरा गिळला जातो. ‘गायरान वाचवा, गवत वाढवा’ अशी घोषणा देऊन दलित बाईची दोन एकर ज्वारी जनावरं घालून चारायची, असं घडलेलं आहे. गायरानाचे मोठे लचके कुणी तोडले? संस्था, कारखाने, पुढाऱ्यांचे गाळे, वाळू-मुरमाचे ठेकेदार. त्यांच्याकडे बोट दाखवायचं सोडून नांगर धरलेल्या दलित बाईकडे दाखवायचं, हे पर्यावरण नव्हे, ही जात आहे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. कसणाऱ्या भूमिहीन कुटुंबाचा ताबा आधी कागदावर यावा, तोही बाईच्या नावासकट. उरलेल्या गायरानावर गवत. मुरमाड तुकडा वाट्याला आलेल्या कितीतरी बायकांना धान्यापेक्षा गवत आणि शेळ्या परवडतील. पण तो निर्णय त्यांचा. गवत लावतो म्हणून त्यांना उठवणाऱ्या कुठल्याही योजनेत आपण सामील होता कामा नये.

मेंढपाळांचंही तसंच. २००६ च्या वनहक्क कायद्याने फिरत्या पशुपालकांचा चराईचा हक्कही मानला आहे. धनगर बाई वर्षातले कित्येक महिने वाड्यावर, रस्त्यावर असते. ती कुठल्या ग्रामसभेत हात वर करणार? तिच्या वाटेच्या गावांनी तिला विचारात घेतलं पाहिजे. तिची मेंढरं शेतात बसली तर लेंडीखताचे पैसे मोजणारे आपण, माळावर आली तर काठी घेऊन का धावतो?

करायचं काय

चांदवडच्या १९८६ च्या अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती हाती घेतली, नवऱ्यांनी बायकांच्या नावे जमीन करून दिली. १९९४ साली राज्याने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा दिला, २००५ साली देशाने दिला. तरी २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीदारांमध्ये बायका सुमारे १४ टक्केच भरल्या. खाजगी जमिनीत बाईला वाटा मिळायला हा वेळ लागतो आहे. सामाईक जमिनीत तिचा वाटा आजही आहे, फक्त तो हातचा निसटतो आहे. तो वाचवणं हे मालमत्तेच्या हक्काचंच काम आहे.

त्यासाठी हत्यारं आहेत. आपल्या राज्यात ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. त्या सभेत पुढच्या वेळी एकच विषय ठेवा: आपलं गायरान किती, कुठे, कुणाच्या ताब्यात? तलाठ्याकडून उतारा काढा. माळ पायी फिरा, म्हाताऱ्या बायकांना बरोबर घ्या, कुठलं गवत कुठे होतं ते त्यांच्याकडून ऐका आणि लिहून ठेवा. मग तीन भागांचं ठरवा, कापणीची यादी करा, यादीत पहिली नावं कुणाची ते ठरवा. ठराव सभेत मंजूर करून घ्या. २०११ पासून आपल्या पंचायतींत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. त्या सह्या करतात, तर या ठरावावरही करू देत.

शहरातल्या मैत्रिणींनाही काम आहे. सोसायटीच्या हिरवळीला टँकरचं पाणी घालण्याआधी तो टँकर कुठल्या गावच्या विहिरीतून आला ते विचारा. आणि ‘झाडं लावा’चं पत्रक छापताना, ती झाडं कुणाच्या माळावर लावली जाणार आहेत हेही विचारा.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष दोन नावांनी जाहीर केलं आहे: कुरणं आणि पशुपालकांचं वर्ष, आणि शेतकरी स्त्रीचं वर्ष. जाहीर करणाऱ्यांच्या मनात असो वा नसो, या दोन नावांची गाठ आपल्याकडे एकाच बाईपाशी पडते. तिच्या डोक्यावर भारा आहे आणि हातात खुरपं.

त्या शिबिरातली आजी मला पुन्हा भेटली ती वर्षभराने. मी म्हटलं, "आजी, आता वैरणीचं पहिलं लिहिणार." ती हसली. म्हणाली, "लिवा. पन आदी माळावर या. नुसतं लिवून काय उगवतंय?" आम्ही गेलो. तिने वाकून एक ठोंब दाखवला. वरून पार वाळलेला, काळपट. नखानं सोलला तर आत हिरवा. "ह्यो मारवेल. मेला न्हाई अजून," ती म्हणाली.

तुमच्या गावात गायरानाचं काय झालं, गवत कोण कापतं, बंदी कुणावर आली, हे आम्हाला जरूर कळवा. पुढच्या अंकात त्यावर चर्चा करू. आणि पुढच्या शिबिरात फळ्यावर ‘वैरण’ हा शब्द वर लिहू, मोठ्या अक्षरात.